मुक्तस्रोत थिन क्लायंटवरून रिमोट डेस्कटॉप: कार्यालयाने आधी करावयाची तयारी

थिन क्लायंट, म्हणजे दुरच्या सर्व्हरवरील डेस्कटॉप दाखवणारे साधे यंत्र, वापरायचे ठरले, की बहुतेक कार्यालयांत पहिली चर्चा कोणते यंत्र घ्यावे यावर रंगते. माझ्या मते ती शेवटी व्हावी. टेबलावरचे यंत्र फक्त पडदा दाखवते आणि कळफलक-माउसच्या हालचाली पलीकडे पोहोचवते. खरे काम सर्व्हरवर चालते, म्हणून तयारीही तिथूनच सुरू करावी.

सर्वप्रथम कोण कोणती प्रणाली वापरतो आणि एका वेळी जास्तीत जास्त किती जण काम करतात, हे लिहून काढावे. विंडोज सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे असेल, तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचे स्वतंत्र परवाने घ्यावे लागतात. ही सेवा बसवल्यावर 120 दिवसांची सवलतीची मुदत मिळते आणि तोपर्यंत सारे सुरळीत चालत असल्यामुळे परवान्यांचा विषय मागे पडतो. मुदत संपली की जोडण्या नाकारल्या जाऊ लागतात. थिन क्लायंटवरील सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी हा खर्च टळत नाही, तेव्हा तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा. कर्मचाऱ्यांच्या सध्याच्या संगणकांनाच दुरून जोडायचे असल्यास त्यांवर विंडोजची होम आवृत्ती नाही ना, हे पाहावे, कारण ती रिमोट डेस्कटॉपची जोडणी स्वीकारत नाही. लिनक्स सर्व्हरला दुरून जोडता यावे यासाठी एक्सआरडीपी किंवा एक्सटूगो ही सॉफ्टवेअरे चांगले पर्याय आहेत. मात्र एक्सटूगोबरोबर ग्नोमसारखा जड डेस्कटॉप घेण्यापेक्षा एक्सएफसीई किंवा माटे यांसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा.

यंत्रांवरील प्रणाली म्हणून थिनस्टेशन, ओपनथिनक्लायंट किंवा 1999 पासून चालत आलेला एलटीएसपी यांपैकी एक निवडता येईल. सर्व्हरशी जोडणी करणारे सॉफ्टवेअर म्हणून फ्रीआरडीपी आणि त्यावर बेतलेला रेमिना पुरेसे आहेत. यंत्रे नेटवर्कवरून बूट करायची असतील, तर डीएचसीपी सर्व्हरमध्ये (जो यंत्रांना नेटवर्कचा पत्ता देतो) बूट सर्व्हरचा पत्ता आणि बूट फाइलचे नाव, म्हणजे पर्याय 66 आणि 67, आधी भरून ठेवावेत. सुरू होण्यासाठी जुनी बायोस पद्धत वापरणाऱ्या यंत्रांना आणि नवी यूईएफआय पद्धत वापरणाऱ्या यंत्रांना वेगवेगळ्या बूट फाइली लागतात. दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच खोलीत असतील, तर डीएचसीपीने यंत्राचा प्रकार ओळखून योग्य फाइल द्यावी अशी मांडणी करावी. अन्यथा निम्मी यंत्रे काळ्या पडद्यावरच अडकतील.

घड्याळाची तयारी हमखास विसरली जाते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. रास्पबेरी पाय 4 सारख्या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते आणि जुन्या संगणकांतील बॅटरी बहुधा संपलेली असते. असे यंत्र सकाळी सुरू झाले की त्याची तारीख मागे पडलेली असते. सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र त्या तारखेनुसार अजून लागूच झालेले नसते, त्यामुळे इशारा येतो. कर्बेरॉस या लॉगिनच्या पद्धतीने होणारी ओळखपडताळणी तर दोन्ही घड्याळांत नेहमीच्या मांडणीनुसार 5 मिनिटांपेक्षा अधिक फरक असेल तर साफ नकार देते. कर्मचाऱ्याला मात्र दिसते एवढेच, की लॉगिन होत नाही, आणि तो पासवर्ड पुनःपुन्हा टाकून खाते कुलूपबंद करून बसतो. यासाठी कार्यालयाच्या नेटवर्कमध्येच अचूक वेळ पुरवणारा एनटीपी सर्व्हर नेमावा आणि वेळ जुळल्यानंतरच लॉगिनचा पडदा यावा, अशी व्यवस्था यंत्राच्या इमेजमध्ये, म्हणजे त्यावर चढवायच्या तयार प्रणालीत, करावी.

सुरक्षेबाबत तडजोड नसावी. आरडीपीचे, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलचे, 3389 हे पोर्ट इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये. मे 2019 मध्ये जाहीर झालेल्या विंडोज रिमोट डेस्कटॉपमधील ब्लूकीप या त्रुटीत हल्लेखोराला पासवर्डचीही गरज नव्हती, एवढे एक उदाहरण पुरे. बाहेरून काम करणाऱ्यांसाठी वायरगार्डसारखे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) ठेवावे, अथवा अपाचे ग्वाकामोली वापरून ब्राउझरमधून एचटीटीपीएसने प्रवेश द्यावा आणि त्याला एकदाच वापरता येणाऱ्या संकेतांकाची जोड द्यावी. सत्र उघडण्याआधीच ओळख तपासणारे नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू ठेवावे. फ्रीआरडीपीमध्ये प्रमाणपत्राची तपासणी टाळण्याचा पर्याय आहे आणि घाईच्या दिवशी तो मोहात पाडतो. परंतु तो वापरला, तर आपण नेमक्या कोणत्या सर्व्हरला पासवर्ड देत आहोत याची खातरी उरत नाही. त्यापेक्षा कार्यालयाचे मूळ (रूट) प्रमाणपत्र, ज्यावरून सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळले जाते, इमेजमध्येच बसवून द्यावे.

त्यानंतर जोडउपकरणे पाहावीत. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, हेडसेट आणि दुसरा मॉनिटर यांपैकी प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष जोडून तपासावी, कारण यूएसबी उपकरण थिन क्लायंटवर ओळखले गेले तरी पलीकडच्या सत्रात दिसेलच असे नाही. चाचणीसाठी साधे काम करणारा कर्मचारी निवडू नये. ज्याच्याकडे सर्वाधिक उपकरणे आहेत आणि ज्याला दिवसभर व्हिडिओ बैठकांत बसावे लागते, त्यालाच विनंती करावी. कळफलकाची मांडणी यंत्रावर आणि सत्रात सारखी आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे, विशेषतः देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी.

खिडकी बंद केली म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जोडणी तुटते आणि सत्र सर्व्हरवर तसेच चालू राहून मेमरी अडवते. तुटलेली सत्रे किती वेळाने संपवायची, हे लेखाविभागासारख्या दीर्घ कामे चालवणाऱ्यांशी बोलून ठरवावे आणि सर्वांना लेखी कळवावे. शिवाय चालू असलेल्या इमेजची आधीची प्रत जपून ठेवावी, दोन-तीन यंत्रे तयार स्थितीत राखीव ठेवावीत आणि महिनाअखेरीचे काम नव्या व्यवस्थेवर एकदा पूर्ण झाल्याखेरीज जुने संगणक हलवू नयेत.