‘भाषा सुधारा’ म्हणजे नेमकं काय करू, मॅडम?

सोलापुरात अर्थशास्त्र शिकवायला लागले तेव्हा असाइनमेंटचा गठ्ठा मी दोन संध्याकाळी संपवायचे. ‘ठीक’, ‘अपूर्ण’, ‘भाषा सुधारा’ आणि खाली दहापैकी गुण. एकदा शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी कागद घेऊन आली. घरी तेलुगू, शाळा मराठी. शेऱ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, ‘नेमकं काय करू, मॅडम?’ मला सांगता आलं नाही. पुन्हा वाचलं तर तिची भाषा बरी होती. ‘सरकारने लक्ष दिलं नाही म्हणून यंत्रमाग बंद पडले’ या वाक्याला पुरावा नव्हता, आणि नेमकं तेच मी लिहिलं नव्हतं.

नव्याने शिकवायला येणाऱ्यांना म्हणून माझी पहिली विनंती: शेरा त्या वाक्याशेजारीच लिहा आणि पुढे काय करायचं ते त्यात सांगा. मी लिहिलं, ‘हे कुणाला विचारलंस? सूत, वीज, मजुरी, काय महागलं?’ ती काकांच्या कारखान्यात गेली, वीजबिलं आणि सुताचे भाव उतरवून आणले. दुसऱ्या मसुद्यात सरकारला एक ओळ मिळाली, सुताला दोन पानं.

पहिल्या मसुद्यावर मी आता गुणच देत नाही. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुसता शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळाले त्यांचं नाही. ती मुलं लहान होती, पण आमच्या वर्गातही गुण दिसले की आधी शेजारच्याचे किती ते बघतात.

गठ्ठ्यातले पहिले पाच-सहा कागद पेन हातात न घेता वाचा, मग निकष ठरवा. सगळं संपल्यावर तेच पुन्हा काढा. मधल्या वेळात हात कडक किंवा सैल झालेला असतो. ऐंशी मुलांना सहा-सहा मिनिटं धरली तरी आठ तास होतात, म्हणून प्रत्येकाला एकच मोठी दुरुस्ती सांगते. शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकांवर रेघा मारू नका. घरी कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं लाल पान बघून पुढच्या वेळी चारच ओळी लिहितात.

आणि कागद परत द्यायची तारीख आधी ठरवा. दुसऱ्या सत्रात मी मसुदा संक्रांतीआधी घेते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत वर्ग रिकामे असतात, तेवढ्यात तपासून होतात. परीक्षेला अजून अवधी असतो, दुसरा मसुदा लिहिता येतो.