गोधडीचा काठ लाटांसारखा होत असेल तर

तुकडे जोडून केलेली माझी गोधडी जमिनीवर सपाट दिसायची, पण स्पर्धेत उभी टांगली आणि चारही काठ पापडासारखे वळले. परीक्षकबाईंनी काही न बोलता काठावरून नुसतं बोट फिरवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाफेची इस्त्री झाली, खळ झाली, काठात धावदोरा घालून चुण्या ओढून झाल्या. धुतल्यावर लाटा परत हजर.

चूक मापातच होती. काठाची लांब पट्टी गोधडीच्या कडेला लावत शिवत जायचं आणि उरलेली कापायची, ही माझी सवय. कडा हाताळून ताणलेली असते, पट्टीही तिच्याबरोबर ताणली जाते. माझी कड भरली साडेएकसष्ट इंच, मधोमध माप मात्र 60!

पुढच्या गोधडीलाही काठ तसेच लावले होते, ते अस्तर लावण्याआधीच उसवले. इस्त्री घासली नाही, नुसती दाबून उचलली. उंची मधल्या भागात तीन ठिकाणी मोजली, सरासरी 60 आली. कापडाच्या उभ्या धाग्यात (आडवा जास्त ताणतो) बरोबर 60 इंचांच्या दोन पट्ट्या कापल्या. पट्टी आणि कड दोन्हींच्या चार-चार घड्या घालून खुणा केल्या, खुणेला खूण टाचली, मग मधे दर दोन इंचांवर टाचण्या. शिवताना जास्तीचं कापड, म्हणजे गोधडी, खाली ठेवली. मशीनचे दात (सुईखाली कापड पुढे सरकवणारे) ते आपोआप सामावून घेतात. बाजूचे काठ झाल्यावर नवी रुंदी पुन्हा मधूनच मोजून वरखालचे लावले.

दोनदा धुऊन टांगली, काठ सरळ आहे.