एक्सपीवरचं फोल्डर नवीन लॅपटॉपवर उघडत नसेल तर

इतवारीतल्या आमच्या दुकानात बिलिंगचा पीसी अजून एक्सपीवरच आहे अन् विंडोज ११ वाल्या लॅपटॉपवरून त्याचं फोल्डर काही केल्या उघडेना, केबल बदलली, राऊटर बंद-चालू केला, काहीच नाही. भानगड अशी की एक्सपीला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत) समजतं अन् मायक्रोसॉफ्टनं २०१७ पासून ते नवीन विंडोजमधून काढत आणलंय. लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फीचर्स उघडा, एसएमबी १.० च्या खाली फक्त क्लायंटवर टिक करा, रीस्टार्ट मारा, मग रनमध्ये दोन उलटे स्लॅश देऊन नावाऐवजी सरळ एक्सपीवाल्या पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका. सर्व्हरवर टिक नको बरं का, वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेनं घुसला होता. फाइली आल्या की टिक काढा.

जुन्या पीसीवर विंडोज ७ असेल तर हे करूच नका भाऊ, त्याला एसएमबी २ येतं, तिथं फोल्डर उघडत नसेल तर बरेचदा कारण हेच की युझरला पासवर्डच ठेवलेला नसतो.