सेन्सर ड्रायव्हर: आलेला आकडा आधी मर्यादेत आवळा, मग भागा

लिनक्समधील तापमान सेन्सरची कमाल मर्यादा बदलण्यासाठी वापरकर्ता सिसएफएसमधील (कर्नलची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी यंत्रणा) टेम्प१_मॅक्स या फाइलमध्ये मिलिअंश सेल्सियसमध्ये आकडा लिहितो; म्हणजे ४५ अंशांसाठी ४५०००. ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चिपशी बोलणारा कर्नलमधील कोड, तो आकडा चिपच्या रजिस्टरमध्ये (चिपमधील छोटी साठवणजागा) उतरवतो. ही फाइल सहसा फक्त रूटलाच (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) लिहिता येते, म्हणून तपासणीची गरज नाही असे मानू नये, कारण चुकीचे आकडे बहुधा घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टमधून येतात आणि त्या स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालतात.

मजकुराचे संख्येत रूपांतर करण्यासाठी केएसटीआरटीओएल हे कर्नलमधील फंक्शन वापरावे. शेवटी आलेले नवओळीचे चिन्ह ते चालवून घेते, मात्र ‘४५०००क’ असा मजकूर नाकारते. त्याने परत केलेला एरर कोड तपासून तसाच पुढे पाठवावा. संख्यापद्धतीचा पाया १० असाच द्यावा. ० दिल्यास ‘०१०’ हा मजकूर अष्टमान पद्धतीने वाचला जाऊन त्याचे ८ होतात. कर्नलकडे ड्रायव्हर नोंदवण्याच्या नव्या पद्धतीत हे रूपांतर हार्डवेअर मॉनिटरिंगचा गाभाच करतो आणि ड्रायव्हरच्या हाती थेट लाँग प्रकारची (३२ बिटी यंत्रावर ३२, ६४ बिटी यंत्रावर ६४ बिटांचा पूर्णांक) संख्या येते; तरीही ती चिपला पेलवते की नाही, हे ड्रायव्हरनेच पाहायचे असते.

खरी चूक होते ती क्रमात. समजा, रजिस्टर ८ बिटी असून त्यात −१२८ ते १२७ अंश मावतात. ड्रायव्हर आलेल्या संख्येला १००० ने भागून जवळच्या पूर्णांकात आणतो आणि त्यानंतर तिला मर्यादेत बसवतो. वाचताना हा कोड निर्दोष वाटतो. आता ३२ बिटी यंत्रावर २१४७४८३६४७ लिहून पाहा. पूर्णांकन करणारा मॅक्रो भागण्यापूर्वी ५०० मिळवतो, बेरीज ३२ बिटांत न मावल्याने उलटून −२१४७४८३१४९ होते, भागाकार −२१४७४८३ येतो आणि मर्यादेत बसवल्यावर रजिस्टरमध्ये −१२८ जाते. वापरकर्त्याने मागितली शक्य तितकी उंच मर्यादा आणि मिळाली सर्वांत खालची, त्यामुळे अलार्म लगेच वाजतो. ६४ बिटी यंत्रावर याच आकड्याने काहीच बिघडत नाही, त्यामुळे दोष चाचणीतून निसटतो. म्हणून क्लॅम्प_व्हॅल हे (संख्येला दिलेल्या दोन मर्यादांत आवळणारे साधन) मिलिअंशातच, −१२८००० ते १२७००० या टप्प्यात आणि भागाकाराच्या आधी लावावे.

मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा आवळावाच असे मात्र नाही. तापमान किंवा व्होल्टेजची मर्यादा सलग बदलणारी असते, तेथे जवळची शक्य संख्या घेणे योग्य. पण सेन्सरचा प्रकार निवडणाऱ्या टेम्प१_टाइपसारख्या फाइलमध्ये जवळचा पर्याय या शब्दालाच अर्थ नसतो, म्हणून तेथे अवैध मूल्याचा एरर परत करावा. पंख्याच्या किमान वेगाचे ० हे मूल्यही वेगळे हाताळावे, कारण अनेक चिपमध्ये रजिस्टरची संख्या वेगाने भागूनच काढली जाते.

ही तपासणी म्युटेक्स (एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप) घेण्यापूर्वी उरकावी आणि ड्रायव्हरने जपलेली मूल्याची प्रत चिपवरील लेखन यशस्वी झाल्यावरच बदलावी. शेवटी ०, −१ आणि लाँग प्रकाराची दोन्ही टोके लिहून प्रत्येक वेळी फाइल परत वाचावी. ६४ बिटी यंत्रावर वरचे टोक ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे.