विंडोजवरचा प्रोग्राम लिनक्सवर अडला? कोडला हात लावायच्या आधी हे बघा

विंडोजवर मस्त चालणारी स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर टाकली की पडते, आणि आपण लगेच कोड उकरायला बसतो. तसं करू नका. काल चाललेलं लॉजिक बहुतेक वेळा आजही बरोबरच असतं, आधी फाइल तपासा.

सगळ्यात जास्त छळणारी एरर म्हणजे "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", आणि फाइल तर समोर दिसत असते! मी एकदा यात अख्खी दुपार घालवलीये, परमिशन बदलून बघितल्या, पायथन परत टाकला, काही नाही. झालं असं होतं की विंडोजमध्ये ओळ संपताना दोन न दिसणारी कॅरेक्टर असतात (कोड १३ आणि १०), लिनक्समध्ये एकच (१०), त्यामुळे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीतल्या पायथन३ च्या शेपटीला तो न दिसणारा १३ चिकटला होता आणि लिनक्स त्या शेपटीसकटच्या नावाचा प्रोग्राम शोधत होतं, जो कुठेच नव्हता. 'कॅट' कमांडला मायनस कॅपिटल ए देऊन फाइल उघडा, ओळींच्या शेवटी डॉलरच्या आधी कॅरट-एम (^M, म्हणजे तोच १३) दिसलं की चोर सापडला. 'डॉसटूयुनिक्स' (हे १३ काढून टाकणारं टूल) एकदा चालवा, झालं. आणि गिट वापरत असाल तर गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टना एलएफ (म्हणजे ओळीच्या शेवटी फक्त १०) ठरवूनच टाका, नाहीतर टीममधला पुढचा माणूस परत तेच घेऊन येतो.

त्या नावाची फाइल खरंच सापडत नसेल तर स्पेलिंगमधलं कॅपिटल-स्मॉल बघा, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. पाथमधले उलटे स्लॅशही काढा, पायथनमध्ये पाथचे तुकडे पाथलिब या लायब्ररीने जोडले की हा प्रश्नच येत नाही.

आता उलटा प्रवास, लिनक्सवरून विंडोजवर, आणि डेटा मराठी. इथे खरी गंमत आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) असते पण ओपन करताना एन्कोडिंग दिलं नाही तर विंडोजवरचा पायथन बहुतेक वेळा ती सीपी-१२५२ (विंडोजचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचतो. मग यादीत 'नाशिक' असेल तर नुसता कचरा छापला जातो आणि 'पुणे' आलं की प्रोग्रामच कोसळतो, कारण ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ (हेक्समध्ये) आणि त्या जागी सीपी-१२५२ मध्ये काहीच नाही. जोडाक्षरातल्या हलन्ताचंही तेच, तिथे ८डी. म्हणून दोन-चार नावांवर टेस्ट करून चालतंय असं समजू नका, ओपन करताना दरवेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहाच लिहा.

सी भाषेत लिहिणाऱ्यांनी लाँग या पूर्णांकाच्या टाइपपासून जपून राहा. ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा, त्यामुळे स्ट्रक्ट (अनेक फील्डचा गट) जसाच्या तसा बायनरी फाइलमध्ये लिहिला असेल तर दुसरीकडे सगळे आकडे सरकलेले मिळतात. एसटीडीइंट हेडरमधले ठरावीक साइझचे टाइप वापरा आणि एकेक फील्ड वेगळं लिहा.

आणि तोच कोड रास्पबेरी पायवर नेल्यावर फाइल वाचणारा लूप थांबतच नसेल तर गेटचार (एकेक कॅरेक्टर वाचणारं फंक्शन) याचं उत्तर 'चार' (char) टाइपमध्ये ठेवलंय का बघा. एआरएम लिनक्सवर (पायचा प्रोसेसर एआरएम असतो) हा टाइप अनसाइन्ड असतो, म्हणजे त्यात मायनस आकडे बसत नाहीत; फाइल संपली की गेटचार मायनस एक देतं, त्याचे होतात २५५ आणि फाइल संपल्याचं त्याला कधी कळतच नाही. 'चार' च्या जागी 'इंट' (int) करा.