दगड फोडल्याशिवाय नाव देऊ नका: भूशास्त्र शिकताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात पहिल्या वर्षाची पोरं घेऊन मी बेलापूर, खारघर, मुंब्रा या बाजूला दगड बघायला जातो. पोरं दरवर्षी नवी असतात, चुका त्याच.

सगळ्यात जास्त माझ्या डोक्यात जाते ती जागेवरचा नसलेला दगड उचलण्याची चूक. नवी मुंबईत तर ही हमखास होते, कारण खाडीकाठची बरीच जमीन भरावाची. मागे नेरूळला खाडीजवळ एकाला गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा सापडला. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, काळा अभ्रक, सगळं त्यानं बरोबर ओळखलं. मग गाडी सुटली: बेसॉल्टखालचा (म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या इथल्या काळ्या खडकाखालचा) जुना खडक इथे वर आलाय, म्हणजे इथे प्रस्तरभंग, खडक तुटून सरकल्याची भेग, असणार. वहीत बाण काढून आकृतीसुद्धा तयार. मी म्हटलं, "अरे, जरा उलटा तरी कर." खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत, कडेला पांढऱ्या सिमेंटचा ओघळ. कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा ओटा! तेव्हापासून माझा नियम: जो दगड मी कड्याला चिकटलेला पाहिला नाही, त्यावर सिद्धांत मांडायचा नाही. ओढ्यातला गोटा जरूर घ्या, पण वहीत "ओढ्यात सापडला" असंच लिहा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. विद्यार्थी असताना पारसिकच्या डोंगरावर बोटांनी चुरा होणारा तपकिरी दगड बघून मी ऐटीत "वालुकाश्म" लिहिलं. सरांनी एक शब्द न बोलता हातोडा पुढे केला. ठोकल्यावर कांद्यासारखे तीन-चार पापुद्रे सुटले आणि आत निघाला काळाकुळकुळीत बेसॉल्ट. सांध्यांतून पाणी शिरतं, खनिजांतलं लोह गंजतं, कोपऱ्यांवर एकदम तीन बाजूंनी हल्ला होतो म्हणून ते आधी जातात, आणि चौकोनी ठोकळ्याचा गोळा होतो. मी खडकाचं नाही, सालीचं वर्णन केलं होतं. फोटोवरून नाव सांगणारी मोबाईल अ‍ॅपं हेच करतात. ज्यांना पाच सेकंदांत उत्तर हवंय त्यांनी खुशाल वापरावीत, माझ्या सहलीत ती बंद. आधी फोडायचं, मग ताजी बाजू भिंगाखाली. आणि फोडताना चष्मा लावा; गवंड्याचा हातोडा नको, त्याच्या कपच्या उडतात.

बेसॉल्टच्या पोकळ्यांत पांढरं काही दिसलं की "गारगोटी!" असा गलका होतो. खिळ्यानं ओरखडून बघा. ओरखडा उठला तर ती गारगोटी नाही. सौम्य अ‍ॅसिडच्या थेंबानं फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही, मोत्यासारखी चमक आहे आणि स्फटिक मधे बांधलेल्या पेंढीसारखे आहेत, तर बहुतेक स्टिल्बाइट.

विदारण म्हणजे क्षरण नव्हे: पहिल्यात खडक जागच्या जागी कुजतो किंवा फुटतो, दुसऱ्यात माल वाहून जातो.

प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, हा उकळता लाव्हा नव्हे. भूकंपाच्या दुय्यम लहरी त्यातून आरपार जातात, द्रवातून त्या जात नाहीत.

पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याखाली थर मोजायला जाऊ नका. यावर चर्चा नाही.

थरांवरून आठवलं. खारघरचा कडा लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, आणि थर दिसले की "गाळाचा खडक" हे उत्तर तोंडपाठ असतं. हे थर लाव्हाच्या प्रवाहांचे आहेत, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. डोंगराचा शंकू दिसला म्हणून तो ज्वालामुखी, हेही चूक. इथला बराचसा लाव्हा लांबच लांब भेगांतून आला आणि आजचे डोंगर हे त्यातून कोरून उरलेलं शिल्लक आहे. प्रवाह ओळखायचा तर कड्याखाली उभं राहून वरवर नजर न्या: मधला भाग घट्ट, वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि नशीब असेल तर दोन प्रवाहांच्या मधे लाल मातकट पट्टा. तो पट्टा बोटानं उकरून बघा, नखात लाल माती राहते.