पॉझिटिव्ह कंट्रोलच चालत नाही? आधी ईजीएफचा स्टॉक बघा

नाशिकमध्ये बायोटेक किंवा फार्मसीचं मास्टर्स करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रोजेक्ट फिरून फिरून एकाच जागी येतो. कुठला तरी अर्क घ्यायचा (आपल्याकडे द्राक्षाच्या बियांचा, कारण वाइनरीवाले चोथा न्यायला आनंदाने देतात), हॅकॅट (माणसाच्या त्वचेच्या) पेशींच्या थरावर टिपने ओरखडा काढायचा आणि तो किती लवकर भरतो ते मोजायचं. तुलनेला, म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून (ज्याचा परिणाम दिसणारच हे आधी माहीत असतं), रीकॉम्बिनंट ह्युमन ईजीएफ, पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन. माझंही हेच होतं. अर्काचे आकडे झकास, आणि ज्याच्या भरवशावर सगळं उभं ते ईजीएफ मात्र ढिम्म. नुसतं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) टाकल्यासारखं.

लॅबमध्ये लगेच निकाल लागला: मे महिना, लाइट जाते, फ्रीजर उतरला असणार, प्रोटीन मेलं. गाइडपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पटलं. पण ईजीएफ इतकं लेचंपेचं नाही. ५३ अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिला तीन डायसल्फाइड बंधांनी घट्ट आवळलेलं. एफजीएफ-२ (असंच दुसरं वाढीचं प्रोटीन) असतं तर मी मानलं असतं. ते ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्येच दिवसभरात बरंचसं निकामी होतं, म्हणून लोक रोज मीडियम बदलतात किंवा हेपारिन घालतात. ईजीएफला तासा-दोन तासांच्या लोडशेडिंगने काही होत नाही.

खरा घोळ स्टॉकमध्ये, म्हणजे आधी बनवून ठेवलेल्या द्रावणात होता. आधीच्या बॅचने जाताना ‘सोय’ म्हणून ठेवलेल्या ट्यूबा, वर लिहिलेलं: ईजीएफ, १०० नॅनोग्रॅम/मिली, पीबीएस (नुसतं मिठाचं बफर). दहापट पातळ केलं की झालं १० नॅनोग्रॅम/मिली. दिसायला किती छान!

आता हे नीट वाचा, कारण डेटाशीटवर याची एक ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही. प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं. ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला शंभर नॅनोग्रॅमच्या घरात. दीड मिलीच्या ट्यूबमध्ये एक मिली द्रव भरला तर चारेक चौरस सेंटिमीटर भिंत ओली होते, म्हणजे चारशे नॅनोग्रॅम सामावून घेण्याची जागा. आणि आपल्या ट्यूबमध्ये आहे किती? एकूण शंभर. नवा माठ पहिलं पाणी स्वतःच पितो, तसं ती ट्यूब तुमचं ईजीएफ पिऊन बसते. तेच १०० मायक्रोग्रॅम/मिलीचा स्टॉक असता तर भिंतीने चारशे नॅनोग्रॅम घेतले तरी अर्धा टक्कासुद्धा जात नाही. वर ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं स्वस्त प्रोटीन) असेल तर भिंत आधी त्यानेच भरते. फ्रीजर बदलून, नवीन पेशी मागवून, गाइडची बोलणी खाऊन हे सुटत नाही. मला हे कोणत्या मॅडमनी नाही, मीडिया बनवणाऱ्या लॅब असिस्टंटने दाखवलं. माझं ठाम मत आहे की नवीन लॅबमध्ये गेल्यावर पहिली ओळख त्याच्याशी करून घ्यावी, एचओडीशी नंतर.

तर व्हायल आली की उघडायची घाई नको. १०० मायक्रोग्रॅम पावडर बहुतेक वेळा दिसतच नाही. रिकामी व्हायल आली म्हणून कंपनीला फोन करू नका. आधी थोडा वेळ स्पिन करा, झाकणाला चिकटलेलं खाली येऊ द्या. डेटाशीटवर जो बफर लिहिलाय तोच घ्या. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या प्रोटीनला सौम्य आम्ल लागतं, ईजीएफचा नियम त्याला लावू नका. एक मिली हळूच भिंतीवरून सोडा, व्होर्टेक्स नको, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. बीएसएचं द्रावण आधी फिल्टर करायचं, मग त्यात ईजीएफ. उलट केलंत तर फिल्टरची जाळी तुमचं प्रोटीन खाणार. मग दहा-दहा मायक्रोलिटरच्या ट्यूबा, एकदाच वापरायच्या. वापरायच्या दिवशी १ मायक्रोलिटर ९९ मध्ये, आणि त्यातलं १० मायक्रोलिटर एक मिली मीडियममध्ये. झालं १० नॅनोग्रॅम/मिली.

एवढं करूनही फरक दिसला नाही तर सीरम बघा. १० टक्के एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाचं सीरम) पेशी आधीच पोट भरून बसलेल्या असतात, तुमचं ईजीएफ त्यांना कळणार तरी कसं. हे सोपं आहे, एका प्रयोगात लक्षात येतं.

डेटाशीटवर ‘१ गुणिले दहाचा सातवा घात युनिट प्रति मिलिग्रॅम’ वाचून घाबरू नका. दहा लाखांना नॅनोग्रॅम/मिलीमधल्या ईडी-५० ने (अर्धा परिणाम दाखवणारा डोस) भागलं की तो आकडा येतो, ०.१ असेल तर एक कोटी. पण तो बहुतेक ३टी३ या उंदराच्या पेशींवरचा असतो, तुमच्या पेशींवर डोस तुम्हालाच बसवावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रोटोकॉलच्या फोटोवरून तर मुळीच नाही. आठवड्याभराचे पैसे भरून केलेले ‘हँड्स-ऑन’ कोर्सही यात काही शिकवत नाहीत, तिथे सगळं आधीच पातळ करून ठेवलेलं असतं.

ईजीएफ पूर्वी उंदराच्या लाळग्रंथीतून काढायचे. तिथूनच स्टॅनली कोहेन यांनी ते शोधलं आणि १९८६ चं नोबेल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळवलं. आता ई. कोलायमध्ये बनतं, म्हणून निदान आपल्या बजेटच्या जवळपास तरी आलंय. तरी तीन कोटेशन, प्राचार्यांची सही, अकाउंट्सचा शेरा, यात सेमिस्टर निघून जातं; विषय मंजूर झाला त्याच आठवड्यात मागणीपत्र द्या. पेशींवर वापरायचं तर कॅरियरवालं (बीएसएसारखं प्रोटीन आधीच मिसळलेलं) चालतं. प्रोटीनला टॅग लावायचा असेल तरच कॅरियर-फ्री, आणि मग पातळ करताना दुप्पट जपा.

पार्सल शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात अडकलं तरी रडू नका, कोरडी पावडर दोन दिवस बाहेर राहिली तरी बहुतेक ठीक असते. त्याच डब्यात सीरमची बाटली असेल तर मात्र आधी तिच्याकडे धावा.